बाटलीला दाखवलेलं ऊन

चिऱ्यांचा ट्रक बागेच्या मधोमध रिकामा झाला, त्या दिवशी राहीने ना जेवण टाकलं, ना डोळ्याला पदर लावला. रडून वाटणीची दगडी भिंत थांबली असती तर कोकणात एकही गडगा उभा राहिला नसता. तिने कळशी उचलली आणि विहिरीवर गेली. विहीर तेवढी वाटणीतून सुटली होती, कारण विहीर मधोमध कापायची कशी हे तलाठ्यालाही सुचलं नव्हतं.

पलीकडून चिमा आलीच. चिमा राहीची पाठची बहीण, आणि धाकटी जाऊसुद्धा. एकाच मांडवात दोघी बहिणी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या, राही थोरल्या आप्पाला आणि चिमा धाकट्या भागोजीला. "एकमेकींना सोबत होईल," असं त्यांचा बाप म्हणाला होता. सोबत झाली खरी. पण चार वर्षं झाली, नवरे एकमेकांशी बोलत नव्हते. काही सांगायचं झालं तर बायकांना सांगत, बायका नसल्या तर बैलाला सांगत, आणि दुसऱ्याने ते ऐकून घ्यावं अशी अपेक्षा असे.

"धोंडू गवंडी उद्या सकाळी दोरी धरतोय," चिमा म्हणाली. "पुरुषभर उंच गडगा घालणार म्हणतात. बाय, मग मला तुझ्याकडे यायचं तर रस्त्याने सगळा वळसा गो."

"तू येशील वळसा घालून. माझ्या गुडघ्यांचं काय?" राही म्हणाली. "मला नाय चिमे ते झेपायचं. उभा जन्म तुझ्याबरोबर एका चुलीवर रांधलं आणि आता म्हातारपणी गडग्यावरून ओरडून तुझी खुशाली विचारू?"

एवढं बोलून मात्र तिचे डोळे भरले. चिमाने तिच्या हातातली कळशी काढून घेतली.

"रडू नको. तुझा रघू आलाय ना बोटीवरून? त्याची ती इटलीच्या दारूची बाटली हाय अजून?"

"हाय. तांदळाच्या कणगीत."

"मग झालं तर. ती आजच फोडायला लाव."

राहीने डोळे पुसले. धाकटी असली तरी चिमाला डोकं होतं, हे तिने मनातल्या मनात चाळिसाव्यांदा कबूल केलं. तोंडाने कधीच केलं नव्हतं.

रघूला काही फारसं समजावावं लागलं नाही. इटालियन कंपनीच्या बोटीवर इंजिनाला तेल घालता घालता त्याला एवढं नक्की कळलं होतं की दोन चाकं एकमेकांना लागली तर मध्ये काहीतरी ओतावं लागतं. तो आधी बापाकडे गेला.

"आप्पा, आज ती बाटली फोडतोय. चव कोणीतरी फळातल्या जाणकाराने बघायला हवी. काका म्हणतायत, आप्पाला काय कळणार, तंबाखूने जीभ मेलेय त्याची."

आप्पा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "असं म्हणतो काय तो? येतो मी. चार वाजता."

मग रघू विहिरीला वळसा घालून काकाकडे गेला आणि तेच वाक्य, तंबाखूच्या जागी विडी घालून, तिथे टाकलं. भागोजी तर चार वाजायची वाटसुद्धा बघायला तयार नव्हता.

भांडणाचं मूळ सांगायलाच हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते ऐकून हसू येतं. घरच्यांना चार वर्षांत आलं नव्हतं. ब्याऐंशी सालचा उन्हाळा भयंकर तापला होता. आप्पा म्हणत होते, ऊन वाढतंय, आंबे लगेच उतरवूया. भागोजी म्हणाला, अजून आठ दिवस थांब, भरू देत. आठ दिवस गेले तरी तो थांबच म्हणत होता, तेव्हा आप्पांनी एका पहाटे कोणाला न विचारता गडी झाडावर चढवले आणि सगळा हापूस खाली घेतला. पेट्या मुंबईला गेल्या. बाहेरून आंबा सोन्यासारखा, कापला की आत साका. पांढरा, भुसभुशीत, आंबट. दलालाने असा निरोप धाडला की तो राहीसमोर वाचून दाखवता येईना. आप्पा म्हणाले, तू अडवलंस म्हणून उशीर झाला. भागोजी म्हणाला, तू घाई केलीस म्हणून कच्चे निघाले. आधी की उशिरा, या दोन शब्दांवरून दोन चुली झाल्या, दोन सातबारे झाले, आणि आता चिरे येऊन पडले होते.

चार वाजता सगळे थोरल्या आंब्याखाली जमले. बसायला चिऱ्यांचा ढीग होताच. आप्पा ढिगाच्या या टोकाला बसले, भागोजी त्या टोकाला, आणि दोघांनी एकमेकांकडे पाठ करून समुद्र कुठे आहे ते बघायला सुरुवात केली. समुद्र तिथून दिसत नव्हता.

बाटली उघडायला रघूने दाभोळच्या हमीदला बोलावलं होतं. हमीद त्याच बोटीवर ऑफिसरांच्या जेवणघरात वाढपी होता. इतकी वर्षं त्याने उंची दारू ओतली, पण थेंब ओठाला लावला नाही. त्यामुळे दारूचे सोपस्कार त्याला मौलवीसारखे पाठ होते आणि चव मात्र कशी ती ठाऊक नव्हती. त्याने खांद्यावर पांढरा टॉवेल टाकला, बाटली दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि आधी आप्पांना, मग भागोजीला लेबल दाखवलं. दोघांनीही वाचता येत असल्यासारखी मान हलवली.

"लेबलाचा रंग पार उडालाय रे," हमीद हळूच रघूला म्हणाला. "आणि बूच जरा वर आलंय."

"जुनी हाय ना," रघू म्हणाला. पण त्याने बूच अंगठ्याने पुन्हा एकदा चाचपून बघितलं.

ही बाटली त्याला कार्लोच्या बापाने दिली होती. कार्लो हा त्याचा बोटीवरचा सोबती. त्याच्या डोंगरातल्या गावी रघू एकदा दोन रात्री राहिला, म्हाताऱ्याबरोबर द्राक्षाच्या मळ्यातून फिरला, आणि आपल्या बापासारखाच हा माणूसही प्रत्येक वेलीशी भांडतो हे बघून त्याला रडू येईल असं झालं. निघताना म्हाताऱ्याने एकाहत्तर सालची ही बारोलो, त्यांच्याकडची तांबडी द्राक्षाची दारू, हातात ठेवली. अजून काही वर्षं थांब, घरच्यांबरोबर पी, आणि कशी लागली ते मला येऊन सांग, एवढंच म्हणाला.

"काय विशेष हाय तिच्यात?" भागोजीने आंब्याच्या बुंध्याला विचारलं.

"उन्हाचं साल होतं ते, काका," रघू म्हणाला. "त्यांच्या डोंगरावर सगळा उन्हाळा पाऊस नाय पडला. द्राक्षं बारीक राहिली, साल जाड झाली. रस थोडा, पण गोडी दांडगी. गोडी दांडगी म्हणजे दारू जबर. आणि सालीचा तुरटपणा असा की नवी असताना प्यायलात तर कच्च्या काजूच्या बोंडासारखी जीभ धरते. म्हणून ठेवून द्यायची. वर्षं गेली की तो तुरटपणा गाळ होऊन तळाला बसतो आणि वर चव मोकळी होते."

दोन्ही भावांनी समुद्र बघायचं सोडलं होतं.

"उतरवली कधी?" आप्पांनी विचारलं.

"नेहमीपेक्षा आधी. उन्हात फळातला आंबटपणा लवकर उडतो. तो गेला की नुसता गुळाचा पाक."

"आधी!" आप्पा चिऱ्यावर हात आपटून म्हणाले. "हमीद, ऐकलंस ना? ज्याला सांगायचं त्याला सांग. उन्हाच्या साली आधी उतरवतात!"

"पण गोडी आली तरी म्हातारा थांबला होता बरं का," रघू घाईघाईने म्हणाला. "आतल्या बिया तपकिरी होईपर्यंत थांबला. नायतर तुरटपणा कच्चा राहतो."

"थांबला!" भागोजी उभाच राहिला. "हमीद, तूही सांग त्यांना. जाणता माणूस थांबतो!"

हमीदने टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "काका, मी कॅप्टनला सूप वाढलंय, चीफ इंजिनियरला वाढलंय. पण असा निरोप्याचा धंदा कधी केला नाय."

बूच निघालं. पण प्यायच्या आधी बागेच्या राखणदाराला, या आंब्याच्या मुळाशी राहणाऱ्या देवाला, द्यायला हवी होती. दारू बागेत आली आणि राखणदाराला थेंब मिळाला नाही असं या घरात कधी झालं नव्हतं. मग ती दारू हातभट्टीची असो की इटलीची. गाऱ्हाणं थोरल्याने घालायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आप्पा पेला घेऊन मुळाशी उभे राहिले.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. भागोजीही म्हणाला. जन्माची सवय, तोंड आपोआप उघडलं.

"तुझ्या लेकराने सातासमुद्रापलीकडची वस्तू आणलीन हाय, ती गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि या बागेत जो कोणी न विचारता शहाणपणा शिकवतो, थोरल्याला आठ-आठ दिवस अडवून धरतो, त्याला सुबुद्धी दे म्हाराजा!"

"व्हय म्हा..." भागोजीने अर्धा शब्द गिळला, आणि तो त्याच्या घशात अडकल्यासारखा खोकला आला. चिमाने पदर तोंडात कोंबला. राखणदाराचं गाऱ्हाणं, त्यात हसणं म्हणजे पाप.

"मलाही घालायचंय गाऱ्हाणं," भागोजी पुढे येऊन म्हणाला. "राखणदार काय एकट्याचा नाय. बा राखणदारा म्हाराजा, जो कोणी पहाटेच्या काळोखात चोरासारखे स्वतःच्याच बागेतले आंबे उतरवतो, त्याचे डोळे उघड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" राही खणखणीत आवाजात म्हणाली.

आप्पांनी बायकोकडे असं बघितलं की जणू तिनेच साका आणला होता. राहीने नजर वर आंब्याच्या शेंड्याला लावली. तिला एवढंच हवं होतं की बोलणं थांबू नये. कोणाच्या बाजूने होतंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

पेले भरले. रंग बघून रघूचा चेहरा पडला. जुन्या बारोलोचा रंग विटकरी होतो हे त्याला माहीत होतं, पण ही तर काकवी दिसत होती. म्हाताऱ्याच्या घरी त्याने याच सालची प्यायली होती. आधी गुलाबाचा वास आला होता, मग ताज्या डांबराचा, आणि मग घसा गरम करत ती खाली गेली होती. आता नाकाशी आला तो करपलेल्या गुळाचा आणि मनुकांचा वास. त्याने पेले तसेच पुढे केले.

आप्पांनी घोट घेतला. तोंडात इकडून तिकडे फिरवला, डोळे मिटले.

"हमीद, सांग त्यांना. साका हाय."

"हमीद, त्यांना विचार, दारूत साका कसा असतो?"

"हमीद, त्यांना सांग, उन्हाने भाजलेलं फळ, मग ते कुठल्याही मुलखातलं असो..."

"हमीद, सांग, याला पिकलेलं म्हणतात! गोडी बघ म्हणावं!"

हमीद टॉवेलने बाटलीचं तोंड पुसत होता. तो जरा जास्तच वेळ पुसत राहिला. आप्पांना तेवढा दम निघेना.

"अरे भाग्या, गोडी नाय ती, करपलंय ते! नाक हाय की चुलीत घातलंस?"

"दादा, तुझं नाक बघ आधी! तंबाखूने जळलंय!"

"तुझं विडीने!"

"आप्पांना विडीचा वाससुद्धा कळतो, मग म्हणे नाक गेलंय!" चिमा मध्ये पडली, ती चक्क थोरल्याच्या बाजूने. भागोजी तिच्यावर उखडला. लगेच राहीने आपल्या नवऱ्याला झापलं, की भाऊजी म्हणतात तेच खरं, पिकलेलीच हाय. दोघी बहिणी अशा आलटून पालटून फुंकर घालत राहिल्या आणि चूल पेटती राहिली. मधेच चिमाने राहीचा दंड दाबला. दादा. भाग्या. चार वर्षांनी. राहीने पुढचं 'पिकलेलीच' आणखी मोठ्याने म्हटलं.

"थांबा जरा!" रघू म्हणाला. त्याला या भांडणाचं मोल कळत होतं. पण म्हाताऱ्याच्या बाटलीचं काय झालं तेही कळायला हवं होतं. "आये, ही ठेवली कुठं होतीस?"

"तू सांगितलंस तिथंच. कणगीत, काळोखात, आडवी."

"मग अशी कशी झाली?"

"मला काय ठाऊक? मी तर पोटच्या पोरासारखी जपली," राही म्हणाली, आणि तिच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. "तुला म्हणून सांगते, एवढीशी बुरशी धरू दिली नाय. दर वैशाखात कोकमाच्या बरण्यांबरोबर अंगणात ऊन दाखवायची."

"आणि मी फिरवायची तिला," चिमा म्हणाली. "एकाच अंगाला जास्त लागू नये म्हणून."

हमीद "या अल्ला" म्हणत चिऱ्यावर बसला. एका थेंबाचीही चव न घेतलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"काय झालं?" राहीने विचारलं. "ऊन दाखवल्याशिवाय कोकम तरी टिकतं काय?"

"आये," रघू कसाबसा म्हणाला, "तिला लागायचं ते ऊन वेलीवरच लागलं होतं गो. त्याने ती घडली. पण एकदा फळ उतरवलं की मग ऊन लागू द्यायचं नाय. वेलीवर असताना ऊन पिकवतं, उतरवल्यावर तेच ऊन शिजवतं. तू ती शिजवलीस."

इथे मात्र दोन्ही भाऊ एक झाले. एकाच दिशेला वळले, एकाच सुरात बोलले.

"अक्कल हाय काय तुला?" आप्पा म्हणाले. "उतरवलेल्या फळाचा रस, आणि उन्हात?"

"वयनी, काय हे केलंत!" भागोजी म्हणाला. "लहान पोराला कळेल, की उतरवल्यावर सावलीत घ्यायचं!"

राहीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग तिने पदर खोचला. तिच्या मनात चार वर्षं काहीतरी पडून होतं. त्यालाही आता ऊन लागलं.

"लहान पोराला कळतं काय, भाऊजी? मग त्या वर्षी आंबे कुठं होते?"

"कुठले आंबे?"

"ब्याऐंशीचे. पहाटे उतरवले ते. इथं, या कातळावर पडले होते ढीगच्या ढीग. आणि तुम्ही दोघं इथंच उभे राहून आधी की उशिरा, आधी की उशिरा करत होतात. दुपार कलली तरी तेच. त्या कातळावर पाय ठेववत नव्हता! मी परत परत येऊन सांगितलं, आधी आंबे सावलीत घेऊया. तुम्ही काय म्हणालात हो?"

आप्पा पेल्याचा तळ बघू लागले.

"'तू चहा ठेव' म्हणालात. आणि भाऊजी, तुम्ही म्हणालात, 'वयनी, यात पडू नका.' मी पडले नाय. मी चहा ठेवला."

आप्पांच्या डोळ्यांपुढे तो दिवस उभा राहिला. त्यांना भागोजीचा लाल झालेला चेहरा आठवला, आपलं ओरडणं आठवलं. राही कुठे होती ते काही केल्या आठवेना, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. भागोजीने चपलेच्या टोकाने कातळ उकरायला सुरुवात केली. कातळ काही उकरला जात नाही. तरी तो बराच वेळ उकरत राहिला.

शेवटी आप्पा खाकरले. "चहात साखर जास्त झाली होती त्या दिवशी."

"जास्तच," भागोजी म्हणाला.

"तुला आठवतंय?"

"तोंड चिकट झालं होतं, दादा."

राही म्हणाली, "मेल्यांनो!" आणि मग तिला हसू आवरेना, आणि हसता हसता ती रडायला लागली, आणि चिमाही. हमीदला बायकांच्या रडण्याचा सोपस्कार ठाऊक नसल्याने त्याने खांद्यावरचा टॉवेल पुढे केला.

"उरलेली ओत रे," भागोजी पेला पुढे करत म्हणाला. "साका तर साका. आपल्या घरचा हाय."

"साका कबूल केलास!"

"शिजलेली म्हटलं असतं मी, पण तुझ्या तोंडासाठी साका म्हटलं."

बाटली त्यांनी उलटी करून संपवली. तळाचा गाळसुद्धा भागोजीने चाखून बघितला आणि काजूच्या बोंडाची ओळख पटल्याचं जाहीर केलं.

"म्हाताऱ्याला काय सांगशील?" हमीदने रघूला विचारलं.

रघूने रिकामी बाटली उन्हाकडे धरून बघितली. "सांगेन, घरच्यांबरोबर प्यालो. थेंब उरला नाय."

पण चिरे अजून तिथेच होते. एका संध्याकाळच्या हसण्याने वाटणी मोडत नाही, हे राहीला कळत होतं. आप्पा रात्री काही बोलले नाहीत आणि तिने विचारलं नाही. विचारलं आणि 'तू चहा ठेव' आलं असतं तर तिला ते सोसलं नसतं.

सकाळी ती कळशी घेऊन निघाली. धोंडू गवंडी दोरीचं बंडल काखेत मारून चिऱ्यांपाशी उकिडवा बसला होता. दोन्ही भाऊ त्याच्यासमोर उभे होते आणि आवाज विहिरीपर्यंत येत होता.

"गडगा नाय घालायचा, तुला एकदा सांगितलं ना!" आप्पा गवंड्यावर ओरडत होते. "याच चिऱ्यांच्या चार भिंती घाल, वर कौलं. आंबे उतरवले की लगेच सावलीत ठेवायला. खोली बरोब्बर मधोमध घाल, दोघांनाही सारखी."

"दार कुठं ठेवू?" धोंडूने विचारलं.

"माझ्या अंगाला," आप्पा म्हणाले.

"का? माझ्या अंगाला!" भागोजी म्हणाला. "तुझ्या अंगाला दार म्हणजे दुपारचं ऊन सरळ आत!"

"अरे भाग्या, ऊन कुठून येतं ते मला शिकवतोस?"

"शिकवायलाच हवं, दादा! काल एवढं शिकलास त्याचं काय झालं?"

धोंडूने दोरी खाली ठेवली आणि विडी काढली. पलीकडून चिमा चिऱ्यांवरूनच धावत आली, पदर सुटलेला, पिठाने हात भरलेले.

"बाय, पुन्हा लागली गो त्यांची! मध्ये पडूया काय?"

राहीने कळशी जमिनीवर ठेवली आणि सकाळपासून पहिल्यांदाच श्वास सोडला.

"भांडू देत," ती म्हणाली. "फक्त त्यांना उन्हातनं हलव आणि सावलीत बसव."